दुपार कोणाच्या मालकीची?

२४ एप्रिल २०२४ ची पुसदची सभा बऱ्याच जणांना आठवत असेल. यवतमाळ-वाशीम मतदारसंघाचं मतदान दोन दिवसांवर आलं होतं, प्रचाराचा तो अखेरचा दिवस. महायुतीच्या उमेदवार राजश्री पाटील यांच्यासाठी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी बोलायला उभे राहिले आणि बोलता बोलताच त्यांना भोवळ आली. आजूबाजूच्यांनी सावरलं, उचलून नेलं, उपचार झाले. थोड्या वेळाने ते परत आले आणि त्यांनी भाषण पुरं केलं. उष्णतेमुळे अस्वस्थ वाटलं, आता पूर्ण बरा आहे, पुढच्या सभेसाठी वरूडला निघालो आहे, असं त्यांनी समाजमाध्यमावर कळवलंही. गडकरी नागपूरचे. विदर्भाचं ऊन काय असतं हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

बातमी मंचावरच्या माणसाची झाली, ते साहजिकच होतं. पण अशा सभांमध्ये नेत्याचा उन्हातला वेळ अर्ध्या-पाऊण तासाचा असतो आणि समोर बसलेल्यांचा तीन-चार तासांचा. गाड्या भरून माणसं आधी येतात, नेता हेलिकॉप्टरने नंतर येतो. मंचावर कूलर असतो, मंडपात कापडाच्या छताखाली कोंडलेली हवा. त्या गर्दीत कुणाला घेरी आली, कुणी घरी जाऊन उलट्या केल्या, याची नोंद कुठेच होत नाही.

उन्हापासून जपायचा सल्ला दरवर्षी मार्च संपता संपता येतो. जिल्हाधिकारी कार्यालयाचं पत्रक निघतं, वर्तमानपत्रं चौकट छापतात: दुपारी बारा ते चार घराबाहेर पडू नका, भरपूर पाणी प्या, सैल सुती कपडे घाला, डोक्याला दुपट्टा बांधा. यातलं एकही वाक्य चुकीचं नाही. अडचण एवढीच, की पहिल्या वाक्यात गृहीत धरलंय, माणसाची दुपार त्याच्या हातात आहे. यवतमाळ जिल्ह्यात ती फार थोड्यांच्या हातात आहे.

ज्यांच्या हातात आहे, त्यांना सल्ल्याची गरजही पडत नाही. तेंदूपत्त्याच्या हंगामात झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी, केळापूर भागातल्या कोलाम पोडांवरची आणि इतर गावांतली माणसं झुंजूमुंजू व्हायच्या आत जंगलात शिरतात. ऊन चढायला लागलं की पानांचं गाठोडं डोक्यावर घेऊन परत. मग घरी, सावलीत, सगळं कुटुंब पानांचे पुडे बांधत बसतं आणि संध्याकाळकडे ते फळीवर, म्हणजे पानं मोजून घेणाऱ्या केंद्रावर, पोहोचवतं. हे वेळापत्रक कुणी अधिकाऱ्याने आखून दिलेलं नाही. पानं मोजून पैसे मिळतात, तास मोजून नाही, म्हणून माणूस आपला दिवस आपल्या सोयीने कापतो. स्वतःची दोन-चार एकर कसणारा शेतकरीही मे महिन्यात वखरणी सकाळी आटोपून बैल झाडाखाली बांधतो.

ज्याची वेळ दुसऱ्याने ठरवलेली असते, त्याचं काय? उमरखेड-महागाव पट्ट्यात हळद काढणी आणि शिजवणी नेमकी मार्च-एप्रिलमध्ये येते. वरून ऊन, समोर वाफ. उन्हाळी भुईमूग मे महिन्यात उपटावा लागतो, आणि ते काम मुख्यतः बायांचं. वणीच्या कोळसा पट्ट्यातल्या उघड्या खाणी, विटांच्या भट्ट्या, रस्त्यावरचं डांबर, मोंढ्यातली हमाली. खाजगी बँकेच्या हप्त्यासाठी दारोदार फिरणारा पोरगा आणि दुपारी एकच्या मुहूर्तावर वाजवायला आलेला बँडवाला. या सगळ्यांना ‘बारा ते चार बाहेर पडू नका’ म्हणणं म्हणजे आजची मजुरी सोडा म्हणणं.

बायांच्या बाबतीत तर पेच दुहेरी आहे. काम लवकर सुरू करावं, सहा ते अकरा, असा तोडगा सगळेच सुचवतात. पण सहाला धुऱ्यावर पोहोचायचं तर चूल साडेतीन-चारला पेटते. पाणी भरणं, भाकरी, लेकरांचं आवरणं यातलं काहीच कमी होत नाही; कमी होते ती झोप. आणि अपुरी झोप झालेलं शरीर उन्हापुढे लवकर हात टेकतं. त्यात शेतात आडोसा नाही, म्हणून कितीतरी जणी तहान लागली तरी पाणी पिणं टाळतात. भरपूर पाणी प्या, हे सांगणाऱ्या पत्रकात संडासाचा उल्लेख नसतो.

आता थोडं आकड्यांबद्दल, कारण आकडेही फसवतात. हवामान खात्याच्या निकषानुसार मैदानी प्रदेशात उष्णतेची लाट जाहीर होते ती तापमान किमान ४० अंश असून सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वाढलं तर, किंवा पारा थेट ४५ ला टेकला तर. जिथे मे महिन्याची सरासरीच ४२ च्या आसपास, तिथे सरासरीहून साडेचार अंश जास्त म्हणजे साडेशेचाळीस. म्हणजे यवतमाळात ४४ अंशांचा दिवस कागदावर ‘लाट’ ठरत नाही. शिवाय हा आकडा येतो जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवरच्या, हवा खेळती असलेल्या पांढऱ्या लाकडी पेटीतून, सावलीतून. काळ्या कसदार रानात उघड्या उन्हात वाकून काम करणाऱ्याच्या पाठीला जे जाणवतं, ते त्या पेटीतल्या पाऱ्याला कळत नाही. टिनाच्या छपराखाली अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीचंही तसंच.

उलट बाजूने पाहायचं तर नवी मुंबईतलं खारघर आठवावं. १६ एप्रिल २०२३ ला आप्पासाहेब धर्माधिकारी यांना महाराष्ट्र भूषण पुरस्कार देण्याचा सोहळा उघड्या मैदानात, भर दुपारी झाला. लाखोंचा समुदाय होता. चौदा जणांचा मृत्यू झाला. जवळच्या केंद्रावर त्या दिवशीचं कमाल तापमान ३८ अंशांच्या आसपास होतं. यवतमाळकर ज्याला एप्रिलमधला बरा दिवस म्हणेल, असं. पण समुद्राकाठच्या दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीराकडे थंड व्हायचा दुसरा चांगला मार्ग नाही. त्यात तासन्‌तास एका जागी बसणं. त्या घटनेनंतर राज्य सरकारने दुपारी बारा ते पाच या वेळेत उघड्यावर कार्यक्रम घेण्यास मनाई केली. ती त्या उन्हाळ्यापुरती राहिली. वर्षभराने, त्याच एप्रिलमध्ये, राज्यभर दुपारच्या सभा सुरू होत्या.

विदर्भातले लोक यावर म्हणतात, आम्हाला सवय आहे. सवय हा प्रकार खराच आहे, फक्त ती जन्मापासून अंगात नसते. उष्णतेत काम करायला शरीर सरावतं ते साधारण एक ते दोन आठवड्यांत: घाम लवकर सुटायला लागतो, त्यातून मीठ कमी जातं, हृदयाचे ठोके आटोक्यात राहतात. आणि दोन-तीन आठवडे थंडाव्यात काढले की हा सराव बराचसा मोडतो. म्हणून पुण्याच्या कंपनीतून उन्हाळ्यात गावी आलेला तरुण, आजारातून उठून पहिल्याच दिवशी कामाला लागलेला मजूर आणि एप्रिलमधली पहिली तापलेली आठ दिवसांची झळ, हे तिन्ही धोक्याचे. नवतपाची भीती सगळ्यांना असते. जाणत्या माणसाने एप्रिलला जास्त घाबरावं. अमेरिकेतल्या व्यावसायिक सुरक्षा संस्थेने, नियॉशने, उष्णतेतल्या कामासाठी सुचवलेला नियम सोपा आहे: नव्या कामगाराला पहिल्या दिवशी कामाचा पाचवाच हिस्सा द्या आणि रोज तेवढाच वाढवत न्या. आपल्याकडे पहिल्या दिवशीच्या मजुराकडून तो कसा कामाला लागतो हे पाहण्यासाठी दुप्पट काम करून घेतात.

ऊन लागलं, असं आपण दोन वेगळ्या गोष्टींना म्हणतो. डोकं दुखणं, पोटऱ्यांत गोळे येणं, मळमळ, खूप घाम, ही पहिली पायरी. सावली, पाणी आणि मीठ-साखरेने माणूस तासाभरात सावरतो. दुसरी पायरी म्हणजे उष्माघात. शरीराचं आतलं तापमान ४० अंशांच्या वर जातं आणि मेंदू बिघडतो. माणूस असंबद्ध बोलतो, झोकांड्या खातो, शुद्ध हरपतो. पुष्कळ ठिकाणी अजून समज आहे की घाम थांबला तरच उष्माघात. राबणाऱ्या माणसाला घामाने निथळत असतानाही उष्माघात होतो. बोलणं बिघडलं, ही खूण धरावी.

आणि इथे मिनिटं महत्त्वाची असतात. शुद्ध हरपलेल्या माणसाला जीपमध्ये घालून तालुक्याला पळवण्याची आपली जी धावपळ असते, तिच्यात अर्धा-पाऊण तास जातो आणि तेवढ्या वेळात मेंदू, यकृत, मूत्रपिंडं भाजत राहतात. जगभरातल्या क्रीडावैद्यकाचा आणि सैन्यातल्या डॉक्टरांचा सांगावा एकच आहे: आधी थंड करा, मग हलवा. दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयाने २०२४ च्या उन्हाळ्यात उष्माघाताच्या रुग्णांसाठी थंड पाण्याचे टब बसवले ते याच कारणासाठी. शेतात टब कुठून आणायचा? तर ताडपत्री आणावी. ती प्रत्येक शेतात असते. रुग्णाला ताडपत्रीवर निजवायचं, चौघांनी कडा उचलून धरून तिचं खोलगट भांडं करायचं, त्यात विहिरीचं, माठाचं, बर्फ मिळाला तर बर्फाचं पाणी ओतायचं आणि ते हलवत राहायचं. डोकं वर धरायचं, नाक-तोंड पाण्यापासून लांब. मॅरेथॉन शर्यतींत वैद्यकीय पथकं हीच पद्धत वापरतात. तेवढंही नसेल तर कपडे सैल करून अंगभर पाणी ओतत राहायचं आणि जोरजोरात वारा घालायचा. मानेला, काखेत, जांघेत ओली फडकी. दरम्यान कुणीतरी १०८ ला फोन लावायचा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. तापाची गोळीही द्यायची नाही. हा ताप वेगळा, गोळीने उतरत नाही.

खिशात कांदा ठेवण्याबद्दल काय म्हणावं? कांदा खावा, भाकरीबरोबर तो उत्तमच. खिशातला कांदा उन्हाला अडवतो याला आधार नाही, पण त्याने कुणाचं बिघडतही नाही. फक्त कांद्याच्या भरवशावर पाण्याची बाटली घरी राहू नये. कैरीचं पन्हं, मीठ घातलेलं ताक, आंबील ही आपली जुनी पेयं शास्त्राच्या कसोटीला उतरतात, कारण त्यांत पाणी आणि मीठ दोन्ही आहे. बाजारातल्या रंगीत पाकिटांबद्दल मात्र सावध राहिलेलं बरं. जास्त साखरेची शीतपेयं वर्षानुवर्षं ‘ओआरएस’ असं लिहून औषधाच्या दुकानांतून विकली गेली. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्याविरुद्ध अनेक वर्षं झगडा केला, तेव्हा कुठे ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राशी न जुळणाऱ्या पेयांवर तो शब्द छापायला बंदी केली. घरी करायचं तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. हे प्रमाण घरातल्या लहान मुलांनाही पाठ असावं. मात्र रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मिठाबद्दल आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना उन्हाळ्याच्या आधीच विचारून घ्यावं.

विदर्भाच्या उन्हाळ्यातला आणखी एक बळी उष्माघाताच्या यादीत कधीच येत नाही: कूलरचा शॉक लागून गेलेला. लोखंडी टाकी, अर्थिंग नसलेलं जुनं घर, ओली फरशी, अनवाणी लेकरू. महावितरण दर उन्हाळ्यात सांगतं की पाणी भरताना प्लग काढा, तीन पिनांचाच प्लग वापरा, अर्थिंग तपासा. ऐकलं जात नाही. विजेची गळती होताच पुरवठा तोडणारं यंत्र घरात बसवून घ्यायला कूलरपेक्षा कमी खर्च येतो. अर्थात कूलर चालण्यासाठी आधी पाणी हवं, आणि २०१८ चा उन्हाळा यवतमाळ शहर विसरलेलं नाही. निळोणा, चापडोह या धरणांनी तळ गाठल्यावर प्यायचं पाणीच टँकरच्या रांगेत उभं राहून मिळत होतं.

पण हे झालं घरातलं आणि अंगावरचं. मूळ प्रश्न घड्याळाचा आहे, आणि घड्याळ सरकारला बदलता येतं, याचा पुरावा दूर शोधायला नको. केरळचा कामगार विभाग दरवर्षी उन्हाळ्यात आदेश काढून उघड्यावरच्या कामगारांना दुपारी बारा ते तीन विश्रांती देतो आणि आठ तासांचं काम सकाळी सात ते संध्याकाळी सात यांत मागे-पुढे बसवायला लावतो. कतारमध्ये २०२१ पासून जून ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत सकाळी दहा ते साडेतीन उघड्यावर काम करून घेण्यास बंदी आहे. कामगार हक्कांबद्दल फारसं नाव नसलेल्या देशाला जे जमतं, ते महाराष्ट्राला जमायला हरकत नसावी.

यवतमाळने तर हा धडा इतरांना द्यायला हवा. रोजगार हमीची सुरुवात महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळात झाली तेव्हा मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, पुसदजवळच्या गहुलीचे. ही कामं उन्हाळ्यातच निघतात, कारण शेतात तेव्हा काम नसतं. पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्याने कामाच्या जागी पिण्याचं पाणी, लेकरांसाठी सावली आणि प्रथमोपचाराची पेटी लिहून दिली. मजुरी मोजमापावर, म्हणजे तेंदूपत्त्यासारखंच: पहाटे या, आपला वाटा खोदा, ऊन चढायच्या आत जा. कागदावर सोय होती. मग २०२३ पासून मोबाइल अॅपवरची हजेरी सक्तीची झाली. मजुरांचा एक फोटो काम सुरू होताना, दुसरा काही तासांनी. खोदकाम लवकर संपलं तरी दुसऱ्या फोटोसाठी थांबायचं, आणि रेंज नसेल तर आणखी थांबायचं. खोटी हजेरी रोखायला आणलेल्या यंत्राने खरी माणसं उन्हात उभी केली. नियम करणाऱ्याने वैशाखात एकदा कामावर जाऊन पाहिलं असतं तर दुसरा फोटो दहाच्या आत संपवला असता.

शाळेच्या बाबतीतही हेच होतं. २०२५ मध्ये राज्यभर एकच वेळापत्रक म्हणून पहिली ते नववीच्या परीक्षा २५ एप्रिलपर्यंत लांबवल्या गेल्या आणि विदर्भातल्या पालकांनी, शिक्षकांनी ओरड केली. कोकण आणि विदर्भ यांना एकाच कॅलेंडरात बसवायचा हट्ट पुण्यातल्या थंड खोलीतच सुचू शकतो. जून महिन्यात मात्र हेच सरकार विदर्भातल्या शाळा आठवडाभर उशिरा उघडतं. म्हणजे फरक कळतो. तो एप्रिलमध्ये विसरला जातो.

आणि माणूस गेलाच तर? पैनगंगेच्या पलीकडे, पाटणबोरी ओलांडून आदिलाबादच्या हद्दीत शिरलं की उष्माघाताने मेलेल्याच्या घरच्यांना चार लाख रुपयांची मदत मिळण्याची तरतूद आहे. तेलंगणाने एप्रिल २०२५ मध्ये उष्णतेची लाट राज्य आपत्ती म्हणून जाहीर केली. त्याआधी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, तमिळनाडूने तेच केलं होतं. मदतीच्या रकमेपेक्षा त्यातून होणारी नोंद मोलाची. पैसे मिळणार असतील तर घरचे शवविच्छेदनाला तयार होतात, डॉक्टर मृत्यूचं कारण लिहिताना रुग्णाचं तापमान आणि तो कुठे, किती वाजता पडला हे लिहितात. आज भुईमुगाच्या वावरात दुपारी दोनला कोसळलेल्या माणसाच्या दाखल्यावर बहुतेकदा ‘हृदयक्रिया बंद’ एवढंच येतं. अहमदाबादने २०१० च्या मे महिन्यात नेहमीपेक्षा किती मृत्यू जास्त झाले ते मोजलं, आकडा १,३४४ निघाला, आणि त्या आकड्याच्या धक्क्यातून २०१३ चा देशातला पहिला शहर उष्णता आराखडा जन्मला. मोजल्याशिवाय तो झाला नसता.

जिल्ह्याच्या हातात असलेल्या गोष्टी कमी नाहीत. १ मेला गावोगाव ग्रामसभा भरते. कामगार दिनही तोच. त्या सभेत गावाने आपल्या शिवारातल्या मजुरीच्या वेळा ठरवाव्यात: सहा ते अकरा, हवं तर साडेचारनंतर दोन तास, आणि मजुरी पूर्ण दिवसाची. मालकांनी एकत्र ठरवलं तर कुणा एकाचं नुकसान होत नाही. लग्नाच्या पत्रिकेत दुपारचा मुहूर्त छापायचा की गोरज, हेही गावच ठरवतं. जिल्हा परिषदेच्या शाळा मे महिन्यात रिकाम्या असतात. व्हरांडा आहे, बहुतेक ठिकाणी झाड आहे, पंखा आहे. एक खोली बारा ते चार उघडी ठेवायची, दोन रांजण, ओआरएसची पाकिटं, एक ताडपत्री, आणि ती कशी वापरायची हे शिकलेली आशा सेविका. यासाठी निविदा काढावी लागत नाही. मुख्याध्यापक सुट्टीवर जाताना खोलीची किल्ली कुणाकडे ठेवून जाणार, एवढं मात्र एप्रिलमध्येच ठरवावं लागेल.